छत्तीशीचं म्यान

वादळानं स्वयंपाकघराचं छप्पर उचलून नेलं त्याला बावीस दिवस झाले होते, आणि बावीस दिवस कानसवाली ताडपत्रीखाली स्वयंपाक करत होती. ताडपत्री मधोमध पोटासारखी लोंबायची. पाऊस येऊन गेला की त्या पोटात पाणी साचायचं आणि चूल पेटवण्याआधी काठीनं ढोसून ते बाहेर सांडावं लागायचं. नेम चुकला की पाणी थेट चुलीत. मग धूर, ठसका, आणि बाहेरच्या खोलीतून सासऱ्याचा आवाज, "चहा झाला का?"

"पाणी आलंय मामंजी, दूध तेवढं वरून पडायचं राहिलंय," ती म्हणायची.

कानसवाली हे नाव तिला गावानं दिलं होतं. गावात ज्याच्या घरी लाकूड कापायचं मशीन होतं त्याची चेन बोथट झाली की तिच्याकडे यायची. गोल कानस घेऊन ती उंबऱ्यावर बसायची, प्रत्येक दाताला दोन हात, ना कमी ना जास्त, आणि तिनं धार लावलेली चेन लाकडात लोण्यासारखी जायची. नवऱ्यालाही गावानं नाव दिलंच होतं. त्याच्या कमरेच्या पट्ट्याला कायम मोजायचा टेप लटकलेला असायचा आणि तो दिसेल ते मोजायचा, झाड, दार, खाट, एकदा तर पाहुण्यांची म्हैस. म्हणून तो इंच्या. समोर कोणी म्हणत नसे, पण माहीत त्यालाही होतं.

आणि घरातली चौथी म्हणजे छत्तीशी. छत्तीस इंचांचा बार, म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती पट्टी, असलेलं मशीन. एवढा लांब बार गावात दोनच घरी, एक यांच्याकडे आणि एक जुळ्या भावांकडे. बारवरचा आकडा कधीच घासून गेला होता, पण नाव टिकलं होतं. ती खोलीत भिंतीला लावून ठेवलेली असायची, उघडी, तिचे दात खोलीच्या निम्म्या वाटेत आलेले. सगळे तिला ओलांडून जायचे. कानसवाली ओलांडत नसे. ती मागच्या दारानं वळसा घालून जायची, कारण तिच्या डाव्या गुडघ्याखाली अकरा टाक्यांची खूण होती आणि ती छत्तीशीनं दिलेली होती.

मंगळवारी मुकादम दारात आला. पाय वाजवून चिखल झाडला, पण आत आला नाही.

"ऐक," तो नवऱ्याला म्हणाला, "सोमवारपासून डोंगराच्या वरच्या धारेवर काम सुरू. पडलेली झाडं बघून आलोय. एकेक खोड आडवं पडलंय तरी माझ्या छातीला लागतंय. लांब बारशिवाय काम होणार नाही. टोळीत एक लांब मशीन घेणार, पहिला मान तुझा."

"आणि फळ्या?" कानसवालीनं आतून विचारलं.

"धारेवर जो काम करेल त्याला खोड चिरताना निघणाऱ्या बाजूच्या फळ्या घरी न्यायला मिळतील वहिनी. छप्पर होईल तुमचं." मुकादमानं ताडपत्रीकडे बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली. "पण एक आहे. कव्हर पाहिजे. खालच्या टोळीत लॉरी उसळली आणि उघडा बार एकाच्या पाठीत गेला. आता वरून हुकूम आलाय. बारला कव्हर नसेल तर माणूस लॉरीत चढायचा नाही. मग तो माझा बाप असला तरी."

"कव्हर काय, आणतो," नवरा म्हणाला.

"सोमवारी सकाळी. नसेल तर जुळे आहेतच." मुकादम गेला.

सासरा खाटेवरून हसला. त्यानं तरुणपणी दोन माणसांची ओढायची करवत चालवली होती आणि कमरेतून गेला तेव्हाच ती सोडली होती. "करवतीला कपडे! आमच्या वेळी करवत उघडीच असायची आणि माणसं डोळे उघडे ठेवून चालायची."

हे वाक्य कानसवालीला बरोबर गुडघ्याखाली लागलं. गेल्या वर्षी उतरणीच्या वाटेनं नवरा पुढं होता, हातात छत्तीशी, बार मागच्या बाजूला. ही मागून तेलाचा डबा घेऊन. छत्तीशीला तेव्हा कव्हर होतं, दुकानातलं, पण ते सैल होतं. वाटेत कुठल्या तरी झुडपात ते निसटून पडलं, त्याला कळलं नाही. तो मध्येच थांबला आणि वळला. बस. रक्त बघून त्याच्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं? "इतकं चिकटून चालायचं कशाला?" आणि ते वाक्य गावभर झालं. जो बघायला आला तो पाय बघून हळहळला आणि जाताना म्हणाला, पण चिकटून चालायला नको होतं. तेव्हापासून ती नवऱ्याच्या मागं मोजून दहा पावलं सोडून चालायची. इतक्या मोजामोजीच्या माणसाला तेवढी दहा पावलं मात्र वर्षभरात कधी दिसली नाहीत.

बुधवारी ती ओढ्यावर कपडे धुवायला गेली असताना नवऱ्यानं बार मोजला, कागदावर माप लिहिलं आणि चिठ्ठी सामानाच्या लॉरीच्या ड्रायव्हरकडे दिली. ड्रायव्हर आठवड्यातून दोनदाच शहरात जायचा, बुधवारी आणि रविवारी, आणि रविवारचा परत यायचा तो सोमवारी दुपारी. म्हणजे खेप एकच होती.

"नीट मोजलंत ना?" तिनं ओले कपडे झटकत विचारलं.

"मला विचारतेस? मला?" त्यानं टेपवर हात ठेवला. पंधरा वर्षं या टेपानं झाडं मोजली होती. देवाची शपथ घ्यावी तसा तो त्या टेपाची घ्यायचा.

गुरुवारी संध्याकाळी ड्रायव्हर आला. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं, लहानसं. कानसवालीला वाटलं, कव्हर लॉरीतच असेल आणि हे दुसरं काही असेल. नवऱ्यानं कागद सोडला. आत एक काळं, चपटं प्लॅस्टिकचं म्यान निघालं. दीड बोट रुंद, वीतभराहून थोडं लांब.

"हे काय?"

"कव्हर," ड्रायव्हर म्हणाला. "दुकानदारानं तुझी चिठ्ठी तीनदा वाचली. म्हणाला, हे मशीन आहे की भाजी कापायची सुरी? मी म्हटलं, माणूस मापाचा पक्का आहे, लिहिलंय तसं दे. त्यानं फांद्या छाटायच्या हातकरवतीचं दिलं. बरोबर बसेल म्हणाला." आणि तो पळून गेल्यासारखा गेला, कारण त्याचे ओठ थरथरत होते.

नवऱ्यानं ते म्यान छत्तीशीच्या नाकाला, बारच्या टोकाला, लावून बघितलं. हत्तीला बाळाचं टोपडं घालावं तसं दिसलं. सासरा खाटेवर इतका हसला की त्याची कंबर धरली आणि मग तो हसत हसतच कण्हायला लागला.

"दुकानदार मूर्ख आहे," नवरा म्हणाला.

"चिठ्ठीवर काय लिहिलं होतं?"

"लांबी साडेअकरा, रुंदी सव्वा. जे होतं तेच लिहिलं."

कानसवालीनं एकदा त्याच्याकडे आणि एकदा बारकडे बघितलं. बार तिच्या कमरेइतका उंच होता. "साडेअकरा काय? साडेअकरा बोटं? या मशीनला सगळं गाव छत्तीशी म्हणतं ते काय लाडानं?"

"नाव वेगळं, माप वेगळं. लोक काहीही म्हणतात. टेप खोटं बोलत नाही."

"द्या इकडं तो टेप."

तिनं तो त्याच्या कमरेवरून ओढून काढला आणि बारला लावला. साडेअकराच. तिनं डोळे बारीक केले. टेपवरचा एक इंच तिच्या बोटाच्या तीन पेरांएवढा होता. मग तिनं टेप उलटा केला. मागच्या बाजूला पुसट, कोणी न वापरलेले, साधे आकडे होते. त्या बाजूनं छत्तीस.

लाकूडतोड्यांचा टेप होता तो. एका बाजूला साधं माप, दुसऱ्या बाजूला जाडीचं. खोडाला वेढा घालायचा आणि जाडीच्या बाजूनं वाचायचं, म्हणजे झाड न कापताच त्याची जाडी कळते. त्या बाजूचा एक इंच म्हणजे सरळ मोजले तर तीन इंच आणि वर थोडं. नवऱ्यानं पंधरा वर्षं फक्त तीच बाजू वापरली होती. हात सवयीनं त्याच बाजूला गेला, डोळ्यांनी आकडा वाचला आणि हातानं लिहिला. मध्ये डोकं नावाची जागा होती, तिथं कोणी थांबलंच नाही.

"तुम्ही बारची जाडी मोजलीत," ती सावकाश म्हणाली, कारण मोठ्यानं बोलली असती तर शेजारी जमले असते. "झाडासारखी. ही सरळ पट्टी आहे हो. हिला वेढा नसतो."

नवऱ्यानं टेप दोनदा उलटसुलट करून बघितला. मग म्हणाला, "आकडे दोन्हीकडून सारखेच छापतात. त्यांचीच चूक आहे."

नाचता येईना अंगण वाकडं. तिनं ते तोंडानं म्हटलं नाही, पण भांडी अशी आपटली की ते सगळ्यांना ऐकू गेलं.

शुक्रवारी सासऱ्यानं कामाची सूत्रं हातात घेतली. कालपर्यंत करवतीला कपडे म्हणून हसणारा म्हातारा सकाळीच पाण्याचा जुना पाइप मांडीवर घेऊन बसला होता. "पाइप तापवायचा, फळीखाली दाबून चपटा करायचा, झालं म्यान. तुमच्या दुकानदाराच्या बापाला येणार नाही असं." चुलीवरचं भांडं उतरवून त्यानं पाइप धरला. ताडपत्रीखाली काळा धूर कोंडला. कानसवाली डोळे पुसत बाहेर पळाली. पाइप एका जागी वितळला, दुसऱ्या जागी तसाच कडक राहिला आणि शेवटी सापानं उंदीर गिळावा तसा मध्येच फुगलेला तयार झाला. बार त्यात निम्मा गेला आणि अडकला. तो परत बाहेर काढायला बाप लेकाला दोन तास लागले. बापानं मशीन धरलं, लेकानं पाइप ओढला, आणि कोणी कसं ओढायला पाहिजे यावरून दोघांचं भांडण झालं. त्या दिवशीच्या जेवणाला जळक्या पाइपाचा वास होता. सासऱ्यानं दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "आज चवीत काहीतरी वेगळं आहे."

"हो ना," ती म्हणाली. "तुमच्याच हातचं आहे."

शनिवारी नवऱ्याची पाळी. त्यानं रबरी नळी उभी चिरली आणि चेनच्या दातांवर वरून आणि खालून अशी चढवली, वरून दोरी गुंडाळली. दिसायला बरं होतं. तो खूश झाला. मशीन हातात घेऊन अंगणात पाच पावलं चालला. दोरी तेलानं ओली झाली, घसरली, खालची नळी सुटून लोंबायला लागली. त्यानं आणखी दोरी गुंडाळली. आणखी पाच पावलं, आणि वरची सुटली. असं करत करत अंगणाच्या त्या टोकाला पोहोचेपर्यंत छत्तीशी दोरीनं बांधलेल्या चोरासारखी दिसत होती आणि दात तरीही तीन जागी उघडे होते.

"गाठ मारता येत नाही का तुम्हाला?" ती उंबऱ्यावरून म्हणाली. तिच्या मांडीवर जुळ्यांच्या मशीनची जादा चेन होती. तेही सोमवारच्या तयारीला लागले होते. त्यांचं नवंकोरं नारिंगी कव्हर गुरुवारीच ड्रायव्हरनं आणून दिलं होतं, त्याच दुकानातून. त्यांनी चिठ्ठीवर माप लिहिलंच नव्हतं. नुसतं लिहिलं होतं, छत्तीशीचं द्या.

"तू दुसऱ्यांच्या चेनला धार लावत बस," तो चिडून म्हणाला. "त्यांचं मशीन माझ्या जागी जाईल आणि तू त्याला धार लावून पाठव."

"धार मी सगळ्यांनाच लावते. डोकं मात्र लावता येत नाही, नाहीतर तुम्हाला आधी लावलं असतं."

तो आत गेला. ती कानस चालवत राहिली, पण दोनाचे तीन हात झाले, मग चार. एका दाताचं वाटोळं झालं. तिनं चेन बाजूला ठेवली. तिला रडू येत होतं आणि ते नवऱ्यामुळं नाही, ताडपत्रीमुळं येतंय असं तिनं स्वतःला सांगितलं. बावीसाचे सव्वीस दिवस झाले होते. थंडी तोंडावर आली होती. या घरात दोन पुरुष तीन दिवस एका म्यानासाठी झटत होते आणि दोघांपैकी एकानंही तिला विचारलं नव्हतं की कसं पाहिजे. करवतीच्या दातांशी दिवसरात्र बोटं लावून बसते ती. दात लागले तेही तिलाच.

रविवारी सकाळी तिनं कोणाला विचारलं नाही. वादळात तडकलेला पाण्याचा निळा ड्रम घरामागं पडला होता. त्याची उंची तिनं टेपच्या पुसट बाजूनं मोजली. बरोबर छत्तीस आणि वर थोडं. तिनं लोखंडी करवतीनं ड्रम उभा कापला. प्लॅस्टिक चिवट होतं. हात भरून आले, खांद्यात गोळे आले, पाठीवरून घाम ओघळला. दोन रुंद पट्ट्या निघाल्या, पण ड्रमच्या गोलाईनं वाकलेल्या. तिनं कढत पाणी केलं, पट्ट्यांवर ओतलं आणि त्यांच्यावर दगड ठेवले. दगड कमी पडले तेव्हा सासऱ्याला बोलावलं.

"मामंजी, इथं बसा."

"इथं? दगडावर?"

"हो. नुसतं बसायचं आहे. हात लावायचा नाही."

म्हातारा तासभर तिथं बसला. त्यानं दोनदा सूचना द्यायला तोंड उघडलं आणि तिच्याकडे बघून मिटलं.

पट्ट्या सपाट झाल्या. दोन्हींच्या मध्ये, दोन्ही कडांना, तिनं ड्रमच्याच बारीक पट्ट्या दुहेरी घातल्या, म्हणजे चेनला जागा राहील आणि दात शिवणीला लागणार नाहीत. खिळा चुलीत लाल करून एकेक भोक पाडलं, तार ओवली, आवळली. नाकाच्या टोकाला दोन भोकं मोकळी सोडली, पाणी निथळायला, कारण ओल्या म्यानात चेन गंजते आणि गंजलेली चेन परत तिच्याच मांडीवर येते. दुपार कलली तेव्हा बोटांना तारेनं सात ठिकाणी चिरलं होतं. बार आत सरकला, पूर्ण, सळकन. तिनं मशीन उचललं आणि नाक खाली केलं. म्यान हळूच दोन बोटं खाली सरकलं.

हेच. तिला हेच माहीत होतं. कव्हर लांबीला कमी नव्हतं मागच्या वर्षीसुद्धा. धरून राहत नव्हतं.

ती घरात गेली. नवरा झोपला होता. तिनं खुंटीवरचा त्याचा कमरेचा पट्टा काढला, टेप सोडवून उशाशी ठेवला, पट्टा घेऊन बाहेर आली, आणि त्याचा बकल नसलेला शेवट म्यानाच्या तोंडाशी तारेनं शिवून टाकला. दुसरा शेवट मशीनच्या मागच्या मुठीवरून फिरवून बकल लावलं. नाक खाली केलं. हलवलं. झटका दिला. दोन्ही हातांनी धरून ओरडावंसं वाटलं इतक्या रागानं झटका दिला. म्यान जागचं हललं नाही.

"माझा पट्टा!" नवरा दारात उभा होता.

"हो."

"मी काय घालू?"

"दोरी आहे की. काल एवढी गुंडाळलीत."

त्यानं म्यान बघितलं, फिरवून बघितलं, नाकाच्या भोकांतून फुंकर मारली. चूक सापडली नाही म्हणून अस्वस्थ झाला. "बाकी ठीक आहे. पण दर वेळी बकल सोडायचं, बकल लावायचं. वेळ जातो त्यात. पट्टा काढून टाक."

"पट्टा राहील," ती म्हणाली. "नाहीतर मी ते आत्ता चुलीत घालते आणि मग तुम्ही, तुमचा बाप आणि तुमचा टेप, तिघं मिळून बसा ताडपत्रीखाली."

पट्टा राहिला.

सोमवारी सकाळी धुकं होतं. टोळीची लॉरी फाट्यावर उभी होती, फाळका उघडा. टोळीची सहा मशीनं, सहा माणसं, आणि जुळे दोघं नारिंगी कव्हर मिरवत. नवरा पुढं चालत होता, एका हातात छत्तीशी, दुसऱ्या हातानं दोरी बांधलेली पँट सावरत. कानसवाली मागून दहा पावलांवर, जुळ्यांची जादा चेन द्यायला. एवढंच काम होतं तिचं तिथं.

मुकादमानं निळं म्यान बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "हे काय आणलंस? बादली कापलीस का?"

"ड्रम," नवरा म्हणाला.

"अरे, दुकानातलं पाहिजे. वरून साहेब आला आणि हा उकिरडा बघितला तर मला काय म्हणेल? जुळ्यांचं बघ कसं आहे. कव्हर म्हणजे असं पाहिजे." त्यानं जुळ्यांकडे बोट केलं. "तू पुढच्या खेपेला ये. चला रे, चढा."

कानसवालीला वाटलं, डोक्यातली शीर तुटणार. सव्वीस दिवस, वर दोन. पाइपाचा धूर, दोरी, टोपडं, सात जागी चिरलेली बोटं, आणि आता रंग आवडला नाही म्हणून. ती दहा पावलं ओलांडून पुढं आली.

"मुकादम, लॉरी उसळते म्हणून कव्हर पाहिजे ना? मग उसळवून बघा की. डोळ्यांनी काय बघताय? लग्नाला मुलगी बघताय का?"

दोघं तिघं हसले. मुकादम ओशाळला. "वहिनी, तसं नाही..."

"दादा," ती जुळ्यांतल्या थोरल्याला म्हणाली, "नाक खाली करा आणि हलवा जरा."

थोरल्यानं हसत हसत मशीन उलटं धरलं आणि एक झटका दिला. नारिंगी कव्हर सुळकन निसटलं आणि चिखलात पडलं. मशीन हातात तसंच झुलत होतं, आणि उघडे दात धाकट्याच्या मांडीपासून वीतभर अंतरावर. धाकटा उडी मारून मागं सरला. हसणं थांबलं.

मग तिनं नवऱ्याच्या हातातली छत्तीशी घेतली. जड होती. नाक खाली केलं आणि कालच्यासारखाच झटका दिला, दोनदा, तीनदा. म्यान मुठीला धरून राहिलं.

मुकादमानं पट्टा चाचपला. "पण एवढं बकल कोण लावत बसणार? घाईच्या वेळी माणूस तसंच उचलतो. तूच सांग रे, वेळ जातो की नाही?"

त्यानं नवऱ्याला विचारलं होतं. कानसवालीनं दात आवळले. आता हा म्हणणार, जातो. काल हेच म्हणाला होता. मापाला खरा माणूस तो, वेळ जातो तर जातो म्हणणार.

नवरा चिखलातल्या नारिंगी कव्हरकडे बघत होता. दोरी सैल झाली होती, ती त्यानं मुठीत धरली.

"जातो," तो म्हणाला. "पण लावायचं. मागच्या वर्षी माझं असंच निसटलं होतं. असंच नवं होतं. मला कळलं नाही, मी वळलो. ही मागं होती. लोक म्हणतात ही चिकटून चालत होती. मीच म्हटलं होतं तसं. ती चिकटून चालत नव्हती. चार हात मागं होती. मी नंतर जाऊन मोजलं, रक्त पडलेल्या जागेपासून. चार हात. चूक माझी होती."

धुक्यात लॉरीचं इंजिन तेवढं घरघरत होतं.

कानसवालीच्या हातातली छत्तीशी एकदम फार जड झाली. मोजलं होतं. या माणसानं जाऊन मोजलं होतं, आकडा वर्षभर खिशात घेऊन फिरत होता, आणि घरात, चुलीपाशी, तिच्या पायाला तेल लावताना एकदाही बोलला नव्हता. बोलला तेव्हा नऊ परक्या पुरुषांसमोर, पँट धरून. तिला त्याला मारावंसं वाटलं. डोळे भरून आले आणि त्याचाही राग आला.

"चढ," मुकादम नवऱ्याला म्हणाला. जुळ्यांकडे वळून म्हणाला, "तुम्ही तुमच्या कव्हरला पट्टा लावून आणा, मग बघू." आणि मग खालच्या आवाजात, "वहिनी, आमच्या सहा मशीनांना पण करून द्याल का? ड्रम देतो. निळेच चालतील."

"मापं द्या," ती म्हणाली.

लॉरी हलली होती. नवऱ्यानं मागं उभं राहून घाईघाईनं पहिल्या मशीनला टेप लावला आणि धुक्यातून ओरडला, "साडेसहा! दुसरं आठ! तिसरं..."

"दुसरी बाजू!" ती मागं धावत ओरडली. "अहो, टेपाची दुसरी बाजू!"

लॉरी वळणाआड गेली.

संध्याकाळी मापं घ्यायला म्हणून ती पुन्हा फाट्यावर गेली. फाळक्यातून आधी चार फळ्या खाली आल्या, ओल्या, चिकाचा वास असलेल्या, आणि मागून नवरा. फळ्या उद्या गाडीनं नेऊ म्हणून बाजूला रचल्या. त्यानं छत्तीशी उचलली, बकल तपासलं आणि घराच्या वाटेला लागला. ती सवयीनं थांबली, दहा पावलं जाऊ देण्यासाठी.

तोही थांबला. वळला नाही, नुसता थांबला. अंगावर लाकडाचा भुसा होता, मान खाली.

ती बराच वेळ तशीच उभी राहिली. अवघडू दे थोडं त्यालाही, असं तिला वाटलं. वर्षभर ती अवघडली होती. मग ती चालत गेली आणि त्याच्या अगदी मागं जाऊन उभी राहिली, निळं नाक गुडघ्यापासून वीतभर असेल इतकी.

"चला की," ती म्हणाली. "खांबासारखे उभे काय राहिलात?"

तो चालू लागला. दर पावलाला म्यान झुलत होतं आणि एकदोनदा तिच्या पायाला लागलं, जुन्या खुणेच्या जरा वर. नुसतं प्लॅस्टिक. ती मागं सरली नाही.

"मापं घेतलीत?" तिनं विचारलं.

"घेतली."

"कुठल्या बाजूनं?"

त्यानं पँटची दोरी आवळली आणि पाय उचलला. आणि मग घर येईपर्यंत तीच बोलत राहिली.